आता दुसरा हात

सिस्टरचं तोंड फटकळ, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे कुणी म्हणेल, एवढी चांगली बाई आणि बोलते काय ही! सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीला लागून एक लांबट खोली होती. तिथे त्या ब्लडप्रेशर मोजायच्या. अर्धं आयुष्य त्या खोलीत गेलं. रांगेत कुणी मध्येच घुसला की मान वर न करता म्हणायच्या, "ओ भाऊ, मागे व्हा. तुमच्या प्रेशरला घाई असेल, मशीनला नाहीये." बसमागे पळून आलेला एखादा तसाच धापा टाकत हात पुढे करायचा, तर त्याला बाकावर बसवून ठेवायच्या. "बसा जरा. गप्प बसा. गप्प म्हणजे फोनवरसुद्धा गप्प." माणसं चिडायची, पुटपुटायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच रांगेत उभी राहायची. पट्टा बांधताना त्यांचा हात इतका हलका असायचा, की इंजेक्शनला घाबरणारी पोरंही त्यांच्यासमोर मुकाट बसत.

या सिस्टरला सगळं रुग्णालय 'दुसरा हात' म्हणू लागलं, त्याची ही हकिकत. आधी चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा कधी संपली, ते कुणाच्या लक्षात नाही.

झालं असं, की वरच्या मजल्यावर रक्तवाहिन्यांच्या एक डॉक्टरबाई नव्यानं आल्या. किडकिडीत बाई, आवाज मऊ, पण प्रश्न विचारायला लागल्या की पिच्छा सोडायच्या नाहीत. एके सकाळी त्या खाली आल्या आणि सिस्टरच्या खोलीत कोपऱ्यात नुसत्या उभ्या राहिल्या. सिस्टरना असं कुणी बघत उभं राहिलेलं मुळीच खपत नसे.

"काही हवंय का डॉक्टरबाई? की माझी परीक्षा घेताय?"

"तुम्ही सगळ्यांचा उजवाच हात का घेता?"

"मग काय दोन्ही घेऊ? रांग बघितलीत का बाहेरची? फाटकापर्यंत गेलीये."

"तसं नाही. उजवाच का? डावा का नाही?"

सिस्टरनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं. टेबल भिंतीला लावलेलं होतं. पेशंटची खुर्ची त्याला चिकटून. खुर्चीत माणूस बसला की त्याचा डावा हात भिंतीशी जायचा आणि उजवा सिस्टरसमोर. त्या नोकरीला लागल्या तेव्हाही टेबल तिथेच होतं, त्यांच्या आधीच्या सिस्टरच्या वेळीही तिथेच. का? तर मशीनची वायर लावायचं बटण त्या भिंतीत होतं. एवढंच. टेबल सरकवायचे शिपाईमामा तिथेच स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "बटण तिकडे म्हणून टेबल तिकडे. त्यात काय एवढं?"

"त्यात बरंच आहे मामा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी सिस्टरना तो आजार समजावून सांगितला.

शरीराची जी शक्ती बाहेरच्या रोगाशी लढते, ती कधी कधी उलटते आणि शरीरालाच धरते. या आजारात ती हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना धरते. त्यांच्या भिंती सुजतात, जाड होतात, आतली वाट बुजत जाते. हाताकडे जाणारी वाट बुजली की त्या मनगटाला नाडीच लागत नाही. डाव्या हाताची वाट जास्त वेळा बुजते.

"म्हणजे घरचा कुत्रा घरच्यांनाच चावायला लागला म्हणायचा," सिस्टर म्हणाल्या.

"अगदी तसंच. आणि चावतो कुणाला? बहुतेक करून मुलींना. पंधरा ते चाळीसच्या मधल्या. दहा रुग्ण घेतले तर त्यात आठ-नऊ बायका निघतात. सुरुवातीला नुसता बारीक ताप, थकवा, अंगदुखी. त्या वयाची मुलगी थकले म्हणाली तर कोण ऐकतं हो? जेवत नाही, जागते, नखरे करते, असंच म्हणतात. त्यात वर्षं जातात."

"आणि असं होतं किती जणींना?"

"पुस्तकं म्हणतात, दहा लाख माणसांमागे वर्षाला एखाद-दोन नवे रुग्ण. पूर्वेकडच्या काही देशांत जास्त सापडतात. आपल्याकडे किती, ते कुणालाच माहीत नाही. मी जुनी नोंद बघितली. या रुग्णालयात आजवर तीन सापडल्या. तिघीही अर्धांगाचा झटका येऊन आल्या, म्हणून सापडल्या. आता मला सांगा, तीनच आहेत म्हणून तीन, की आपण बघितलं नाही म्हणून तीन?"

सिस्टरनी भिंतीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत किती पोरींचे डावे हात त्या भिंतीला टेकून गेले असतील, देव जाणे. त्यांना एकदम राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तो मामांवर निघाला. "बसलाय काय मामा! उठा! वायर आणा लांबवाली, टेबल मध्ये घ्यायचंय."

त्या दिवसापासून खोलीत एकच वाक्य घुमायला लागलं: "झालं? आता दुसरा हात."

लोक वैतागले. रांग दुप्पट झाली. एक आजोबा म्हणाले, "सिस्टर, दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत हो!" सिस्टर म्हणाल्या, "दोन भाऊ एकाच आईचे असतात, म्हणून सारखे निघतात का?" दुसऱ्या एकानं सुनावलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्याचे तर दोन्ही हात दोनदा मोजले गेले. पण खरं सांगायचं तर मिळत काहीच नव्हतं. कुणाच्या दोन हातांत थोडा फरक यायचा, डॉक्टरबाई तपासायच्या आणि म्हणायच्या, हे वयाचं आहे, ते वेगळं. सिस्टरच्या नाकी नऊ आले.

"डॉक्टरबाई, तुमचा आजार इथे नाहीच बघा," त्या एकदा सरळ म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकातच राहू द्या त्याला."

"तुमच्या रांगेत कोण असतं, सिस्टर?"

"असणार कोण? आजी-आजोबा. साठीच्या पुढचे सगळे."

"आणि आजार कुणाला होतो?"

सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मासे तळ्यात, आणि आपण गळ टाकून बसलोय विहिरीत. त्या पोरी कामावर असणार ना! त्या कशाला येतील माझ्या रांगेत?"

मग सिस्टर आणि डॉक्टरबाई स्वतःच पोरींकडे जायला लागल्या. आठवड्यातून एक दिवस, वरून परवानगी काढून. पहिल्यांदा गेल्या त्या कपड्यांच्या कारखान्यात. पत्र्याचं उंच छत, शिलाईमशीनच्या ओळीच्या ओळी, आणि इतका खडखड आवाज की स्टेथोस्कोपातून काही ऐकू येईना. मालाच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये खुर्च्या टाकून त्यांनी दुकान मांडलं. पोरी हसत-खिदळत यायच्या, हात द्यायच्या, जायच्या. तेवढ्यात कॉलर लावणारी एक मुलगी आली. उजवा हात झाला. डावा बांधला, तर मशीन नुसतं घुर्र घुर्र करून थांबलं. सिस्टरनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा तेच. दुसरं मशीन लावलं. तेच.

"काय मेलं नशीब! दोन्ही मशीनं आजच बिघडायची होती?"

"नाही सिस्टर, मशीन चांगलंय," मुलगी हसून म्हणाली. "या हाताला लागतच नाही. इथल्या दवाखान्यातले काका म्हणतात पट्टा सैल झालाय, उजवा दे. मी आता आधीच उजवा देते."

सिस्टरनी तिचं डावं मनगट धरलं. हात उबदार होता, बोटांना सुईच्या टोचण्या. दोन बोटं नाडीवर ठेवली. इकडे सरकवली, तिकडे सरकवली. हसती-बोलती पोर समोर बसलेली, आणि मनगटात काही म्हणजे काही नाही. आयुष्यभर माणसांची मनगटं धरली त्यांनी, पण जित्या माणसाचं असं मनगट कधी हाती आलं नव्हतं.

"थकतेस का गं?"

"थकते ना. सुपरवायझर म्हणतात कामचुकार आहे."

"त्याला बोलाव इकडे," सिस्टर म्हणाल्या. सुपरवायझर आला आणि पुढचा बराच वेळ तो फक्त "हो सिस्टर, हो सिस्टर" एवढंच म्हणत होता.

त्या मुलीला वेळेवर औषध मिळालं, आणि ती पुन्हा कॉलर लावायला लागली. मग एक सापडली शाळेत शिकवणारी, एक कॉलेजातली, एक फोनवरून माल विकणाऱ्या कंपनीतली. तिचाही हात घेताना तिथला माणूस म्हणायचा की मशीन बिघडलंय. सगळीकडे एकच चूक. हात लागला नाही की मशीनवर खापर फोडायचं आणि दुसरा हात लिहून टाकायचा. एक पुरुषही निघाला, बँकेच्या दारातला पहारेकरी, व्यायाम करून दंड कमावलेला. तो रुसूनच बसला. "बायकांचा आजार मला कसा होईल?" सिस्टर म्हणाल्या, "दहात एखादा तुमच्यातला असतो. मान समजा." आणि सापडली की सोडून दिली असं नाही. डॉक्टरबाईंच्या तपासणीला मुलगी आली नाही, तर सिस्टर तिच्या कामाच्या जागी जाऊन दारात उभ्या राहायच्या. कुणाची नोकरी जायची भीती, कुणाला आजार म्हटला की घरच्यांची भीती. सिस्टर त्यांच्याशी भांडायच्या, चहा प्यायच्या, आणि हाताला धरून घेऊन यायच्या. मोठमोठी पदकं मिळवणारी माणसं आहेत जगात, पण परक्या पोरीच्या दारात उभं राहायला वेगळं काळीज लागतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतोय, ती.

सिस्टरच्या घरी त्या, मुलगा आणि सून. नवरा लवकर गेला होता. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरात बहुतेक वेळ सासू-सून दोघीच. सून केस कापायच्या पार्लरमध्ये कामाला होती. गोड, थट्टेखोर, आणि सासूला मुळीच न घाबरणारी. सिस्टरना न घाबरणारी ती बहुधा एकटीच. "आई, मशीनला तुमच्या आवाजाचं प्रेशर मोजता येतं का हो?" असं तोंडावर विचारायची, आणि सिस्टर हसून हसून खोकायच्या. ती पोटुशी राहिली तेव्हा सिस्टरनी सगळ्या रुग्णालयाला पेढे वाटल्यासारखं सांगितलं.

दर सुट्टीला त्या सुनेला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून प्रेशर मोजायच्या. आधी उजवा. मग, अर्थातच, "आता दुसरा हात." दोन्ही हात सारखे यायचे, अगदी काट्यावर तोलल्यासारखे. जरा कमीच यायचे, पण सारखे. नाडी बारीक लागायची, तर सिस्टर म्हणायच्या, अशक्तपणा आहे, खात नाहीस नीट.

"आई, ड्रायर धरला की हात भरून येतो हो. दोन्ही. मध्येच खाली ठेवावा लागतो."

"दिवसभर हात वर करून उभी राहतेस, मग काय फुलं पडतील? दुखणारच."

"डोकंही दुखतं. कधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"प्रेशर कमी आहे म्हणून. लिंबूपाण्यात मीठ घालून पी. जास्त घाल." आणि स्वतः उठून, मीठ घालून, ढवळून द्यायच्या. बाळंतपणाच्या दवाखान्यातही दर वेळी हाताचंच प्रेशर घेत होते, आणि तेही सांगायचे, छान आहे, कमीच आहे. सिस्टर निर्धास्त. सगळ्या गावाचे हात आपण तपासतो, घरचे तर आधीच तपासून ठेवलेत, असा त्यांना मनातून ताठाही होता. इथेच घोडं पेंड खात होतं.

सातवा महिना लागून गेला होता. एका दुपारी डॉक्टरबाईंनी सिस्टरना वर चहाला बोलावलं. खिडकीशी दोघी बसल्या. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी.

"सिस्टर, आपली मोजणी चांगली झालीये. वय जुळतंय, बायकांचं प्रमाण जुळतंय. पण एक गोष्ट काही केल्या जुळत नाही."

"काय?"

"आपल्याला सापडलेल्या सगळ्यांचा एकच हात गेलेला आहे. दुसऱ्या ठिकाणी जिथे जिथे मोजणी झाली, तिथे काही जणींच्या दोन्ही हातांच्या वाटा बुजलेल्या असतात. आपल्याकडे अशी एकही नाही. एकही नाही, हे कसं होईल? त्या गेल्या कुठे?"

"आपल्याकडच्या पोरी नशीबवान असतील."

"आजार नशीब बघून येत नाही. आपल्या मोजण्यातच काही चुकतंय."

सिस्टरनी कप तोंडाशी नेला. "बरं, मला सांगा, दोन्ही हातांच्या वाटा सारख्याच अरुंद झाल्या, पण पुरत्या बंद नाही झाल्या, तर मशीन काय दाखवेल?"

"दोन्ही हात सारखे दाखवेल. आणि कमी." डॉक्टरबाई बोलता बोलता स्वतःच थबकल्या. "आतलं खरं प्रेशर वाटेल तेवढं वाढलेलं असलं, तरी हातात ते पोचणारच नाही. आपण दोन हातांतला फरक शोधतोय, आणि त्यांच्यात फरकच नसणार. त्यांचं प्रेशर पायात बघायला हवं होतं."

कप खाली ठेवताना बशीवर आपटला. सारखे. आणि कमी. तरणी बाई. हात भरून येतात, दोन्ही. डोळ्यांपुढे काजवे.

"काय झालं सिस्टर?"

"माझी सून," एवढंच त्या म्हणाल्या. काट्याचं जुनं मशीन आणि मांडीला बांधायचा रुंद पट्टा पिशवीत कोंबला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्युटी अर्धी टाकून निघाल्या.

पार्लरमध्ये सून एका बाईच्या केसांना रंग लावत होती. दारात सासूला बघून तिच्या हातातला ब्रश थांबला. "आई? तुम्ही इथे? हे ठीक आहेत ना?"

"तो ठीक आहे. तू त्या केस धुवायच्या खुर्चीवर आडवी हो."

"आत्ता? अहो, कस्टमर बसलंय."

"कस्टमरचे केस कुठे पळून जात नाहीत. हो म्हणते ना आडवी!"

सुनेनं आवाज ओळखला. हा नेहमीचा ओरडण्याचा आवाज नव्हता. ती मुकाट्यानं कुशीवर आडवी झाली. सिस्टरनी तिच्या मांडीला रुंद पट्टा बांधला, गुडघ्यामागे स्टेथोस्कोप लावला, आणि फुगा दाबायला लागल्या. पायाचं प्रेशर हातापेक्षा थोडं जास्त असतंच, हे त्यांना ठाऊक होतं. थोडं. काटा दोनशेच्या पुढे गेला, तरी कानात ठोके वाजतच होते. त्यांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. अर्धे केस रंगवलेली ती बाईसुद्धा श्वास रोखून बघत होती. पुन्हा तेच. मग त्यांनी सुनेच्या मानेवर स्टेथोस्कोप टेकवला, तर फटीतून वारा शिरावा तसा सूं सूं आवाज येत होता.

सिस्टर तिथेच फरशीवर बसल्या. "चुकले गं पोरी. मी चुकले."

"काय झालं आई? काय चुकलं?"

"मीठ पाजत होते गं मी तुला. माझ्या हातानं मीठ पाजत होते."

आणि ज्या बाईच्या डोळ्यांत रुग्णालयात कुणी कधी पाणी पाहिलं नव्हतं, ती हमसून हमसून रडायला लागली. सुनेला अजून काही कळलंच नव्हतं. तिनं वाकून सासूचे डोळे पुसले. "आई, रडू नका ना. कस्टमर बघतंय."

रुग्णालयात नेल्यावर वॉर्डातल्या नव्या नर्सनं सवयीनं सुनेच्या हाताला पट्टा बांधला आणि म्हणाली, "नॉर्मल आहे की! कशाला एवढं घाबरलात सिस्टर?" सिस्टरनी तो पट्टा सोडून काढला. "हात खोटं बोलतोय. पायाला विचार."

डॉक्टरबाईंनी मानेच्या आणि हातांच्या रक्तवाहिन्या यंत्रावर बघितल्या आणि काहीही लपवलं नाही. दोन्ही हातांच्या वाटा सुईएवढ्या राहिल्या होत्या. आत प्रेशर इतकं, की कुठल्याही क्षणी डोक्यात रक्तस्राव होऊ शकेल. बाळही वयाच्या मानानं लहान राहिलंय. सूज उतरवायची औषधं सुरू करू, प्रेशर हळूहळू खाली आणू, आणि जमेल तितके दिवस काढू. आई आणि बाळ दोघंही वाचतील असं वचन देता येत नाही.

ट्रक कुठल्या तरी गावात सोडून मुलगा धावत आला. त्यानं आईला काही विचारलं नाही, आणि तेच सिस्टरना जास्त लागलं. सुनेच्या पलंगाशी बसून त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावभर पोरींचे हात धरत फिरले मी, आणि ही माझ्या समोर बसून सांगत होती, दोन्ही हात भरून येतात म्हणून. मी हिला शहाणपण शिकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"दोन हातांचा नियम मी दिला होता तुम्हाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पायाचा द्यायला हवा होता, तो नाही दिला. चूक वाटून घेऊ आपण."

"वाटून घेतल्यानं कमी होते का?"

"नाही. पण आज ती सापडली. झटका येऊन सापडली नाही, बसून बोलत असताना सापडली. तुम्ही उठून पळालात म्हणून."

सून पलंगावरून म्हणाली, "आणि आता दोघी मिळून माझ्या उशाशी भांडणार असाल तर माझं पायाचं प्रेशर खरंच वाढेल हं."

मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळ-संध्याकाळ पायाला पट्टा. सिस्टर स्वतः मोजायच्या, आणि आकडा सांगताना त्यांचा तो खणखणीत आवाज बारीक व्हायचा. कधी उतरलं म्हणून हुरूप यायचा, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलेलं. मुलगा व्हरांड्यात येरझाऱ्या घालून दमायचा आणि तिथेच भिंतीला टेकून झोपायचा. मामा खालून चहा आणून ठेवायचे, आणि तो गार व्हायचा. कारखान्यातली कॉलर लावणारी मुलगी भेटायला आली, आपल्या डाव्या हातानं सुनेचा हात धरून बराच वेळ बसली. एकीच्या हाताला नाडी नव्हती, दुसरीच्या हाताला जेमतेम लागायची, आणि दोघी पार्लरमधल्या कुठल्या तरी गिऱ्हाइकावरून हसत होत्या. सिस्टर दाराआड उभ्या राहून ते हसणं ऐकत होत्या.

बाळाला आणखी आत ठेवण्यात धोका वाढला, तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडून त्याला बाहेर काढलं. मुलगी झाली. एवढीशी, दोन ओंजळींत मावेल एवढी, पण रडली ती अशी, की मामा म्हणाले, "आजीवर गेली." तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पण सिस्टर तिच्याकडे गेल्या नाहीत. आधी त्या सुनेच्या पायाशी गेल्या. पट्टा बांधला, फुगा दाबला, कान लावला. काटा खाली आला, आणखी खाली, आणि ठोके सुरू झाले ते कुणाही बाळंतिणीचे व्हावेत तिथे. सिस्टरनी पुन्हा मोजलं. तेच. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्या उठल्या, नातीकडे गेल्या, आणि पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या काडीएवढ्या दोन्ही मनगटांना आणि दोन्ही पावलांना बोट लावून बघितलं. नर्सेस हसल्या. हसू देत.

पुढे खालच्या खोलीत एक पडदा लागला आणि पडद्याआड एक पलंग आला. तरुण मुलगी आली की आधी उजवा हात, मग डावा, आणि मग पलंगावर पाय. कारखान्यात, कॉलेजात, सगळीकडे पुन्हा एकदा फेरी झाली. ज्यांचे दोन्ही हात सारखे आणि कमी आले होते, ज्यांना 'छान आहे' म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांना शोधून शोधून पुन्हा बोलावलं. त्यांतून आणखी दोघी निघाल्या. डॉक्टरबाईंची मोजणी आता इतर ठिकाणांसारखी दिसायला लागली.

एकदा नर्सिंगच्या शिकाऊ मुलींचा घोळका सिस्टरच्या खोलीत आला. त्यांतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सिस्टर, पण दहा लाखांत एक-दोघींना होतो ना हा आजार? त्यासाठी एवढा सगळा खटाटोप?"

रांगेत कडेवर लेक घेऊन एक बाई उभी होती, तिला सिस्टरनी हाक मारली. "ये गं. बस. हिचं प्रेशर घे बघू," त्या चुणचुणीत मुलीला म्हणाल्या.

मुलीनं उजवा हात घेतला, डावा घेतला. "दोन्ही सारखे आहेत सिस्टर. जरा कमी. छान आहे."

"मीही हेच म्हटलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "आता पाय घे."

मुलीनं तिला पलंगावर घेऊन पायाला पट्टा बांधला, मोजलं, आणि हातांच्या आकड्यांशी ताडून बघताना तिचे डोळे मोठे झाले. औषधं चालू होती म्हणून पायाचं प्रेशर बरं होतं, पण हातांचं आणि त्याचं काही नातंच नव्हतं.

"दहा लाखांत एक म्हणालीस ना?" सिस्टर म्हणाल्या. "ती एक माझ्या घरात होती. रोज सकाळी मला चहा करून देत होती. आणि मी तिला गावभर शोधत फिरत होते."

सून पलंगावरून उतरत म्हणाली, "आई, झालं असेल तर हिला घ्या. मला ओढणी नीट करू द्या."

सिस्टरनी नातीला कडेवर घेतलं. तिनं लगेच आजीच्या गळ्यातला स्टेथोस्कोप तोंडात घातला. सिस्टरनी तो काढून घेतला नाही, तशाच रांगेकडे वळून ओरडल्या, "पुढची कोण? ये. दोन्ही हात, मग पाय. लाजायचं ते घरी जाऊन लाज."